हजेरी डॉट सी : कंपायलरला काय सांगायचं?

[दृश्य : निळा पडदा, पिवळी अक्षरं]

हा निळा पडदा भारतात सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलेल्या बहुतेकांच्या ओळखीचा आहे. टर्बो सी. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर. बोरलँड कंपनीने तो 1987 साली बाजारात आणला, डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. डॉसचा जमाना संपला, बोरलँड दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली, पण आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळांतून हा पडदा हललेला नाही. आजच्या संगणकावर तो थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये नकली डॉस उभं करून त्यात चालवायचा. कंट्रोल आणि एफ नऊ दाबलं की प्रोग्राम धावतो. मधे काय घडलं हे विचारायची वेळच येत नाही.

[दृश्य : फर्मागुडीचं पठार, पाऊस. प्रयोगशाळा.]

फोंडा तालुक्यातली ही प्रयोगशाळा. यंत्रांवर उबुंटू लिनक्स आहे आणि पडद्यावर फक्त टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायची, काळी खिडकी. मुलं आपसांत कोकणी बोलतात, मॅडमशी मराठी. इथला कंपायलर आहे जीसीसी. त्याची पहिली आवृत्तीही 1987 चीच. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पासाठी लिहिला, कोणीही वापरावा, उघडून पाहावा, बदलावा म्हणून. तेव्हा तो फक्त सी जाणत होता. पुढे इतर भाषा आल्या आणि 1999 साली त्याचं नाव ग्नू कंपायलर कलेक्शन झालं. लिनक्सचा गाभा वर्षानुवर्षं याच कंपायलरवर बांधला गेला. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांपैकी फुकट, चालू आणि दरवर्षी नवी आवृत्ती येणारा कोणता, आणि आपण शिकवतो कोणता, हे वेगळं सांगायला नको.

[दृश्य : टर्मिनल जवळून. बोटं कीबोर्डवर.]

हजेरीचा एक छोटा प्रोग्राम. जीसीसी, पुढे फाइलचं नाव, एंटर. पडद्यावर काहीच येत नाही. कंपायलर गप्प बसला म्हणजे काम झालं. फोल्डरमध्ये ए डॉट आउट नावाची फाइल येऊन बसली आहे. नाव दिलं नाही तर हेच मिळतं. जुन्या युनिक्सच्या असेंब्लरपासून चालत आलेली ही सवय आजतागायत टिकून आहे. स्वतःचं नाव हवं असेल तर डॅश ओ, एक जागा सोडून नाव. हा ओ लहान. मोठ्या ओचं काम निराळं, ते पुढे येईल. लहान ओनंतर चुकून दुसऱ्याच एखाद्या सी फाइलचं नाव पडलं तर कंपायलर तिच्यावरच तयार प्रोग्राम लिहून मोकळा होतो. विचारत नाही.

[दृश्य : हजेरीचा निकाल. ओळींमागून ओळी – गैरहजर, गैरहजर, गैरहजर.]

अख्खा वर्ग गैरहजर. वर्ग तर समोर बसलाय.

चूक शोधायला मुलं फाइल खालीवर करतात. कॅमेऱ्याला ती दिसते, त्यांना नाही. मॅडम आज्ञेत एक शब्द जोडायला सांगतात : डॅश डब्ल्यू ऑल.

[दृश्य : जांभळ्या अक्षरांतली वॉर्निंग, अगदी जवळून]

आता कंपायलर बोलू लागला. ओळीचा आकडा, खाली ती ओळ जशीच्या तशी, तिच्याखाली टोपीसारखं चिन्ह. इफच्या कंसात दोनदा ‘बरोबर’ लिहायचं होतं, एकदाच लिहिलं गेलंय. त्यामुळे तुलना झालीच नाही, प्रत्येकाच्या नावापुढे एक, म्हणजे गैरहजरीची खूण, भरला गेला आणि अट दर वेळी खरी ठरली. वॉर्निंगच्या शेवटी चौकोनी कंसात ती कोणत्या फ्लॅगमुळे, म्हणजे आज्ञेतल्या ऑप्शनमुळे, आली तेही छापलेलं असतं. इथे डॅश डब्ल्यू पॅरेंथेसिस. पुस्तिकेत काय शोधायचं, हे कंपायलरच सांगतोय. हा इशारा मुळातच चालू का नसतो, हे आम्हाला अजून पटलेलं नाही.

आणि डब्ल्यू ऑल दिलं की सगळ्या वॉर्निंग आल्या, असंही नाही. सीमध्ये ऋण आकडा बिनचिन्हाच्या आकड्याशी ताडून पाहिलात तर इशारा डॅश डब्ल्यू एक्स्ट्रा दिल्यावरच मिळतो. प्रोग्राम एखाद्या वाटेने गेल्यास चल (व्हेरिएबल) किंमत न भरताच वापरला जाईल, हे सांगणारी वॉर्निंग तर ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्राम वेगवान करायची खटपट, चालू असेल तरच येते, कारण एरवी कंपायलर त्या वाटा तपासतच नाही. वॉर्निंग आली तरी प्रोग्राम तयार होतोच. तो होऊ नये असं वाटत असेल तर डॅश डब्ल्यू एरर.

[दृश्य : फोल्डरमध्ये एकामागून एक उमटणाऱ्या फाइली]

हा भाग आम्ही मुद्दाम सावकाश चित्रित केला. ऑप्शन एकच, डॅश सेव्ह डॅश टेम्प्स. एरवी कंपायलर ज्या फाइली वापरून पुसून टाकतो, त्या तो या वेळी ठेवून देतो. पहिली डॉट आय. कंपाइल करण्याआधी फाइल तयार करणाऱ्या प्रीप्रोसेसरने स्टँडर्ड आयओची हेडर फाइल आत ओतली आणि पाच-सात ओळींच्या प्रोग्रामच्या सातशेहून जास्त ओळी झाल्या. मुलीने माउसचं चाक फिरवत फिरवत तळ गाठला. तिचा मेन, म्हणजे तिने स्वतः लिहिलेला भाग, तिथे, अगदी शेवटी. दुसरी फाइल डॉट एस, म्हणजे असेंब्ली, यंत्राच्या आज्ञा वाचता येतील अशा शब्दांत. तिसरी डॉट ओ, यंत्राची भाषा. चौथा तयार प्रोग्राम. याच टप्प्यांवर थांबायचे ऑप्शनही आहेत. मोठा ई दिला तर प्रीप्रोसेसरपाशी, मोठा एस दिला तर असेंब्लीपाशी, लहान सी दिला तर जोडणीच्या अलीकडे.

[दृश्य : दोन असेंब्ली फाइली शेजारी शेजारी]

आता मोठा ओ, ऑप्टिमायझेशनचा ऑप्शन. एकपासून शंभरपर्यंतची बेरीज, साधा फॉर लूप. डाव्या बाजूला ओ शून्य, म्हणजे काहीच न सांगता मिळतं ते. लूप दिसतोय, मोजणी दिसतेय, उडी मारून परत वर जाणं दिसतंय. उजव्या बाजूला ओ दोन. लूप गायब. त्या जागी थेट आकडा : 5050. प्रोग्राम चालायच्या आधीच कंपायलरने बेरीज करून टाकली. मागच्या बाकावरून ‘अरे देवा’ ऐकू आलं, ते आम्ही ठेवलंय.

चुका शोधायच्या डीबगरमध्ये एकेक पाऊल टाकत जायचं तर असा गायब झालेला लूप गैरसोयीचा. तेव्हा डॅश जी आणि ओ शून्य. किंवा मोठ्या ओला चिकटून लहान जी, तो डीबगिंगसाठीच ठेवलेला आहे.

[दृश्य : लाल एरर. फळ्यावर दोन आज्ञा, एकाखाली एक.]

वर्गमूळ काढणारा प्रोग्राम. गणिताची लायब्ररी डॅश एल एम लिहून जोडायची असते. मुलाने ती जोडलीय आणि तरीही जोडणी फसली : अनडिफाइन्ड रेफरन्स. फळ्यावरच्या दोन्ही आज्ञांत शब्द तेच, फक्त क्रम उलटा. लिंकर, म्हणजे तुकडे जोडणारा, डावीकडून उजवीकडे जातो. समाराधनेच्या पंगतीत वरणाची बादली घेऊन वाढपी पुढे गेला, तेव्हा पानावर कोणी बसलेलंच नव्हतं. तो मागे फिरत नाही. लायब्ररी फाइलीच्या नंतर लिहायची. मुलाने बाणाची कळ दाबून जुनी आज्ञा परत आणली, एल एम शेवटी नेलं, एंटर. आकडा आला.

[दृश्य : मॅडम फळ्यावर लिहिताना]

जीसीसीच्या पुस्तिकेत ऑप्शनचं प्रकरण वाचून संपवायचं म्हटलं तर सेमिस्टर जाईल. मॅडमनी फळ्यावर एवढंच ठेवलं : डब्ल्यू ऑल, डब्ल्यू एक्स्ट्रा, जी, ओ, एल. शिवाय एफ सॅनिटाइझ इक्वल्स ॲड्रेस, ॲरेच्या हद्दीबाहेर पाऊल पडलं की प्रोग्राम जागच्या जागी थांबवून ओळ दाखवणारा. दर वेळी एवढं टाइप करायचा कंटाळा म्हणून हे सगळं मेकफाइलमध्ये, म्हणजे मेक ही आज्ञा वाचते त्या फाइलमध्ये. आता मुलं नुसतं मेक म्हणतात.

टर्बो सीसोबत येणाऱ्या कोनिओ हेडरवर लिहिलेले जुन्या जर्नलमधले प्रोग्राम इथे चालत नाहीत, ते पुन्हा लिहावे लागले.