दिवे खरंच मालवले का?

(दृश्य: पुण्यातल्या एका मल्टिप्लेक्सची प्रोजेक्शन केबिन. आत कुणी नाही. रॅकमध्ये हिरवे दिवे लुकलुकताहेत.)

सकाळच्या पहिल्या शोला दहा मिनिटं आहेत. खाली प्रेक्षक आपापल्या खुर्च्या शोधताहेत. वेळ झाली की सर्व्हर चित्रपट सुरू करेल, हॉलचे दिवे मंद होतील, मास्किंग (पडद्याच्या कडा झाकणारं काळं कापड) सरकेल, साउंड प्रोसेसर ठरलेल्या फॉरमॅटवर जाईल. ही कामं करून घेतो रॅकमधला हा छोटा ऑटोमेशन कंट्रोलर.

रिळांच्या काळात फिल्मच्या कडेला धातूची पातळ पट्टी चिकटवायचे. ती सेन्सरसमोरून गेली की दिवे मंद व्हायचे. नाही झाले, तर ऑपरेटर शेजारीच असायचा. काचेतून बघायचा आणि हाताने बटण दाबायचा. आता एकाच माणसाकडे कितीतरी पडदे असतात. त्याची काच म्हणजे कंट्रोलरकडून येणारं स्टेटस. म्हणून ते खरं असलंच पाहिजे.

(दृश्य: नऊ पिनांचा कनेक्टर, अगदी जवळून.)

हे स्टेटस कॉम्प्युटरपर्यंत येतं आरएस-२३२ या सिरियल लाइनने, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीने. तिला मुळात तीनच तारा पुरतात: पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंड. वेग बहुतेक वेळा सेकंदाला ९६०० बिट. म्हणजे एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा, आणि सुरुवातीचा आणि शेवटचा (स्टार्ट-स्टॉप) बिट धरून एक अक्षर १० बिटांचं. वीस अक्षरांची ओळ २१ मिलिसेकंदांत पोहोचते. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर स्टेटस उशिरा दिसत असेल, तर आधी वेगाला दोष देऊ नका.

पहिली अडचण बहुधा केबलचीच. सरळ केबल (पिन २ला २, ३ला ३) लागेल की क्रॉस (२ आणि ३ची अदलाबदल), हे मल्टिमीटर सांगतो. दोन्ही उपकरणं सुरू ठेवा, मधली केबल काढा. मीटर डीसीवर, काळी प्रोब पिन ५वर. लाल प्रोब आधी पिन ३वर, मग पिन २वर. ज्या पिनवर उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसतील, ती त्या उपकरणाची पाठवण्याची पिन, कारण गप्प असलेली आरएस-२३२ लाइन उणे व्होल्टेजवर थांबते. कॉम्प्युटर पाठवतो ३वरून. कंट्रोलरही ३वरूनच पाठवत असेल, तर क्रॉस केबल हवी. २वरून पाठवत असेल, तर सरळ. दोन्ही पिना शून्याजवळ असतील, तर केबल बदलून उपयोग नाही. पोर्टच बंद आहे किंवा आतली चिप गेली आहे.

दुसरी खूण स्क्रीनवर दिसते. काही अक्षरं बरोबर, काही भलतीच. वेग चुकला की सगळाच कचरा येतो. अर्धंमुर्धं बरोबर आलं, तर पॅरिटी, म्हणजे चूक ओळखण्यासाठी अक्षराला जोडलेला जादा बिट, तपासा. समजा, कंट्रोलर सात बिट आणि सम पॅरिटीने (एकांची एकूण संख्या सम ठेवून) पाठवतोय, आणि कॉम्प्युटर आठ बिट, पॅरिटी नाही असं वाचतोय. इंग्रजी ‘ए’चा (A) कोड ६५, बायनरीत त्यात दोन एकं. पॅरिटी बिट शून्यच राहतो, अक्षर नीट दिसतं. ‘सी’चा (C) कोड ६७, त्यात तीन एकं. पॅरिटी बिट एक होतो, १२८ची भर पडते, आणि ६७च्या जागी १९५ उमटतं.

ओळ कुठे संपते, यावरही एकमत हवं. ओळ संपल्याच्या दोन खुणा असतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. कंट्रोलर शेवटी फक्त कॅरेज रिटर्न पाठवतो, घेणारा लाइन फीडची वाट बघत बसतो, आणि डेटा येत असूनही खिडकी कोरी. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हेही पक्कं धरावं: पोर्ट एकदा वाचला म्हणजे एक संदेश मिळाला, असं नसतं. कधी अर्धी ओळ येते, कधी दोन ओळी जोडून. शेवटची खूण सापडेपर्यंत अक्षरं साठवायची, मगच अर्थ लावायचा.

(दृश्य: इलेक्ट्रिकल पॅनेल. कॉन्टॅक्टर, म्हणजे दिव्यांचा पुरवठा जोडणारा मोठा विद्युत स्विच, खट्कन ओढला जातो.)

आता खरा प्रश्न. कंट्रोलरने आपला छोटा रिले ओढून कॉन्टॅक्टरला हुकूम दिला आणि कळवलं, ‘दिवे सुरू’. पण हॉलच्या दिव्यांचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) पडलेला आहे. इंटरव्हल झाला, लोक उठले, पायऱ्यांवर काळोख. आणि वरच्या स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं. इथे कंट्रोलरने आपला हुकूमच परत वाचून दाखवला. कॉन्टॅक्टरच्या ऑक्झिलरी काँटॅक्टवरून (त्याच्याबरोबर हलणाऱ्या छोट्या जोड-स्विचवरून) तार कंट्रोलरच्या इनपुटला आणली, तर कॉन्टॅक्टर ओढला गेला एवढं कळतं. एमसीबीलाही ऑक्झिलरी काँटॅक्ट बसवून त्याच तारेत सिरीजमध्ये (एकामागोमाग) घेतला, तर एमसीबी पडलेला नाही हेही कळतं. पडद्याच्या मोटरला दोन्ही टोकांना लिमिट स्विच (पडदा टोकाला पोहोचला की दाबले जाणारे) हवेतच. मोटर सुरू झाली म्हणजे पडदा उघडला, असं कळवणं चूक आहे.

फायर अलार्मचा इनपुट एरवी जोडलेल्या राहणाऱ्या (नॉर्मली क्लोज्ड) काँटॅक्टवर घ्यावा, म्हणजे तार तुटली तरी अलार्मच वाजेल. आणि आग लागल्यावर आवाज बंद होणं, दिवे लागणं हे थेट वायरिंगनेच व्हायला हवं. सिरियल लाइनने फक्त खबर द्यावी, जीव तिच्यावर सोपवू नये.

काँटॅक्ट मिटताना काही मिलिसेकंद थरथरतो. गाळणी नसेल, तर एका स्विचमागे चालू-बंद-चालू अशी ओळींची रांग लागते. ५० मिलिसेकंदांचा फिल्टर बहुतेक ठिकाणी पुरतो.

स्टेटस कधी पाठवायचं? बदल झाला की लगेच. पण तेवढ्याने भागत नाही. लाइन शांत आहे, म्हणजे सगळं ठीक आहे की केबल निघाली आहे? म्हणून बदल नसला तरी कंट्रोलरने दर १० सेकंदांनी हजेरी द्यायची. सलग तीन हजेऱ्या चुकल्या, की स्क्रीनवरची जुनी स्थिती पुसायची आणि ‘संपर्क नाही’ असं लाल अक्षरांत दाखवायचं. शेवटची हिरवी खूण तशीच ठेवणं सगळ्यांत घातक.

(दृश्य: मे महिन्यातली संध्याकाळ. वळवाचे ढग, वीज.)

वळवाच्या विजांमध्ये सिरियल चिपा जातात, विशेषतः दोन टोकांचं अर्थिंग वेगळं असेल तेव्हा. दोन्ही रॅकच्या बॉडीमध्ये एसी व्होल्टेज मोजा. एक-दोन व्होल्टसुद्धा दिसले, तर ऑप्टिकल आयसोलेटर (विजेची थेट जोडणी तोडून प्रकाशाने सिग्नल पुढे देणारं उपकरण) टाका. आरएस-२३२ला १५ मीटरची मर्यादा धरून चाला. मजले ओलांडायचे असतील तर लांब पल्ल्याची सिरियल जोडणी, आरएस-४८५: पीळ दिलेल्या तारांची जोडी, कमी वेगात १२०० मीटरपर्यंत, आणि १२० ओहमचा रोधक फक्त दोन टोकांना.

कनेक्टर पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कुठेही मिळतात. घेताना धातूचं हूड (आवरण) आणि दोन स्क्रू असलेलाच घ्या. प्रोजेक्टरच्या ब्लोअरची थरथर दिवसभर चालू असते, स्क्रूशिवाय कनेक्टर सैल होतो.

(दृश्य: तंत्रज्ञ केबल सोडवतो. स्क्रीनवर सेकंद मोजले जाताहेत.)

शोआधीची चाचणी दोन मिनिटांची. केबल काढा, तिसाव्या सेकंदाच्या सुमाराला लाल अक्षरं यायला हवीत. परत जोडा, दोन्ही स्क्रू आवळा. मग हॉलच्या दिव्यांचा एमसीबी पाडा आणि ‘दिवे सुरू’चा हुकूम द्या. हॉल अंधारात असताना स्क्रीन हिरवी झाली, तर तार चुकीच्या जागेवरून घेतली आहे. स्क्रीनने ‘दिवे बंद’ दाखवलं, तर एमसीबी वर करा, दिवे लागल्याची ओळ येऊ द्या, आणि प्रेक्षकांसाठी दार उघडा.