गीतकार गमावल्यावर काढलेला नकाशा

नमस्कार. पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड म्हटला की बहुतेकांना १९७३ सालच्या अल्बमचे काळे मुखपृष्ठ आणि त्यावरचा लोलक आठवतो. आज मात्र मी तुम्हाला त्याच्या पाच वर्षे मागे नेणार आहे, कारण जून १९६८ मध्ये आलेला 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' हा त्यांचा दुसरा अल्बम ऐकल्याशिवाय पुढचा आवाज कुठून आला हे उमगत नाही.

पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी बँडचा गायक-गिटारवादक सिड बॅरेटची होती. दुसऱ्याचे काम लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत सुरू झाले तेव्हा त्याची मानसिक स्थिती ढासळत चालली होती आणि एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या मादक द्रव्याचे सेवनही वाढले होते. त्याच्या जोडीला गिटारवादक डेव्हिड गिलमोरला घेण्यात आले. जानेवारी १९६८ मध्ये साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघालेल्या गाडीत, आज सिडला घ्यायला जायचेच नाही, असे ठरले आणि ती व्यवस्था पुढे कायमची झाली. म्हणूनच या एकाच अल्बमवर बॅरेट, गिलमोर आणि बाकीचे तिघे असे पाचही जण आहेत.

आता घरातला लिहिता हातच गेल्यावर उरलेल्यांनी करायचे काय? काही गाण्यांत ते बॅरेटचीच री ओढताना दिसतात. 'सी-सॉ' हे गाणे मला आजही वगळून पुढे जावेसे वाटते. 'कॉर्पोरल क्लेग' वरवर विनोदी आहे. पण वडिलांना दुसऱ्या महायुद्धात गमावलेल्या बासवादक रॉजर वॉटर्सने युद्ध हा विषय तिथे प्रथम हाती घेतला आणि पुढे तो कधी सोडला नाही.

खरी उडी आहे ती जवळजवळ १२ मिनिटांच्या शीर्षकरचनेत. वॉटर्स आणि ड्रमर निक मेसन हे दोघेही आर्किटेक्चरचे विद्यार्थी. सुरावट सुचून मग तिला शब्द देण्याऐवजी त्यांनी या रचनेचा चक्क नकाशा काढला. ताण कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा, हे कागदावर आकृत्यांनी मांडले. मधल्या भागात ड्रमचा एकच तुकडा फिरत राहतो, कीबोर्डवादक रिचर्ड राइट पियानोवर मुठी आपटतो आणि गिलमोर जमिनीवर आडव्या ठेवलेल्या गिटारच्या तारांवर मायक्रोफोनच्या स्टँडचा लोखंडी पाय घासतो. हा सगळा गदारोळ ओसरला की ऑर्गनचे संथ स्वर आणि शब्दांविना गायलेला समूहस्वर उरतो. बीटल्सचे ध्वनिमुद्रण केलेला निर्माता नॉर्मन स्मिथ याला हा प्रकार फारसा पटला नव्हता, आणि तीन मिनिटांच्या गाण्यांवर घडलेल्या माणसाला तो पटावा तरी कसा! पण हेडफोन लावून शेवटची चार मिनिटे ऐका: सावकाश चढत जाणारी, घाई नसलेली जी बांधणी आपण पुढच्या फ्लॉइडची म्हणून ओळखतो, ती इथे पहिल्यांदा नीट उभी राहिलेली ऐकू येईल.

एवढे करूनही अल्बमचा शेवट त्यांनी बॅरेटलाच दिला. 'जगबँड ब्लूज' हे त्याचे इथले एकमेव गाणे असून त्यात साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचा पितळी वाद्यांचा ताफा वाजतो. वादकांनी मनाला येईल ते वाजवावे, असा बॅरेटचा आग्रह होता. तो गलका अचानक तुटतो, क्षणभर काहीच ऐकू येत नाही, आणि मग फक्त एक गिटार व बॅरेटचा आवाज राहतो. अल्बम एका प्रश्नावर थांबतो, आणि तो विचारणारा तोवर बँडमध्ये उरलेला नव्हता.