झाडे मोजून किनारा कळत नाही

मित्रहो, मुंबईच्या निसर्गाचा विषय निघाला की बोलणे लवकरच झाडांच्या संख्येवर येते. किती तोडली, किती लावली, त्यांतली किती जगली, हे प्रश्न आवश्यक आहेत. पण समुद्राला लागून असलेल्या या महानगराचे मोजमाप तेवढ्यावर होत नाही. येथील जीवसृष्टीचा मोठा भाग ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर, खडकांच्या कपारींत, मिठागरांच्या उथळ पाण्यात आणि पावसाळ्यापुरत्या हिरव्या होणाऱ्या डोंगरउतारांवर राहतो, आणि या बहुतेक जागा नकाशावर रिकाम्या दिसतात. आज मला बोलायचे आहे ते या रिकाम्या दिसणाऱ्या जागांविषयी.

सुरुवात खाडीपासून करू. ठाण्याच्या खाडीच्या काठाने जे रान दिसते ते प्रामुख्याने तिवरांचे, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचे, आहे. त्यांत कांदळ, चिप्पी, काजळा आणि काटेरी मारांडी यांचीही भर असते, पण गोड्या पाण्याचा ओघ आटलेल्या आणि खारटपणा वाढलेल्या जागी तिवर बाकीच्यांपेक्षा अधिक तग धरते. याचे कारण त्याच्या पानावरच पाहता येते. उन्हाळ्यात कोरड्या दुपारी तिवराचे पान हातात घेऊन निरखले तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात आणि बोट फिरवून जिभेला लावले तर चव लगेच कळते. मुळांनी बरेचसे मीठ बाहेरच अडवलेले असते. जे आत शिरते ते पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. चिखलात हवा नसल्याने त्याची मुळे पेन्सिलीएवढाली टोके वर काढून श्वास घेतात. या टोकांवर राडारोडा पडला, किंवा बांध घालून पाणी कायमचे तुंबवले, की झाड गुदमरते. कुऱ्हाड न लावता तिवरे मारण्याचा हा मार्ग या शहराला चांगला ठाऊक आहे.

कांदळाची रीत आणखी वेगळी. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखा लांब, हिरवा कोंब फांदीला लोंबत राहतो. ओहोटीच्या वेळी तो गळला तर खालच्या मऊ चिखलात उभाच्या उभा रुतू शकतो. भरतीत पडला तर तरंगत जाऊन उथळ जागी मूळ धरतो. रोपवाटिका नसतानाही किनारे कसे राखले गेले, याचे उत्तर या कोंबात आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी त्या दिवशी भरावांमुळे आक्रसलेल्या पात्रात मावेना, आणि त्यातच समुद्राला भरती होती. त्यानंतर कांदळवनांकडे, म्हणजे तिवर, कांदळ अशा झाडांच्या या खाडीकाठच्या रानांकडे, बघण्याची दृष्टी पुष्कळ बदलली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीला मनाई केली, २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, आणि २०१८ च्या निकालाने ही मनाई अधिक पक्की केली. हे सारे स्वागतार्ह आहे. पण इथेच एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी: कांदळवन वाढले म्हणजे खाडी सुधारली, असा सरळ हिशेब मांडता येत नाही.

ठाण्याच्या खाडीत गाळ साचत गेला तशी तिवरे आत सरकली आणि त्यांनी उघड्या चिखलपट्ट्या व्यापल्या. याच चिखलावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) जगतात. लहान रोहित मान उलटी धरून चोचीतल्या चाळणीने पाण्यातली सूक्ष्म शैवाले गाळून घेतो. थोरला रोहित चिखलातले बारीक प्राणीही टिपतो. १९९० च्या दशकापासून ते शिवडीच्या बाजूस मोठ्या संख्येने येऊ लागले आणि पुढे हंगामात त्यांची गणती लाखाच्या घरात गेली. शैवाले इतकी माजण्यामागे शहराचे सांडपाणीही आहे, ही गोष्ट आपल्याला जरा अवघडून टाकणारी आहे. गुलाबी थव्यांची छायाचित्रे छापताना तिचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. २०१५ मध्ये येथे रोहित अभयारण्य जाहीर झाले. त्याच्या सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्रात कांदळवन आणि जलक्षेत्र असे दोन्ही येते. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

परंतु अभयारण्याची हद्द पक्ष्यांच्या दिवसाला पुरत नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी खाडीत चरतात. भरती चढली, विशेषतः उधाणाची, की पाय टेकायला जागा उरत नाही आणि ते नव्या मुंबईतील नेरूळच्या बाजूची तळी, मिठागरे अशा उथळ जागी जाऊन बसतात. हे दोन पत्ते मिळून त्यांचे एक घर होते. तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली की तळे आटते आणि खाडी कितीही राखलेली असली तरी तिचा उपयोग निम्म्याने कमी होतो. म्हणून मोकळ्या चिखलपट्टीवर ‘हरितीकरण’ म्हणून तिवराची रोपे लावण्याचे बेत मला धोक्याचे वाटतात. तेथील निवट्या (चिखलावर सरपटणारे मासे), चिंबोऱ्या, कालवे आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे तुतवार यांना तो चिखल चिखल म्हणूनच हवा असतो.

आता डोंगराकडे वळू. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शहराच्या मध्यावर शिल्लक राहिले याचे बरेचसे श्रेय पाण्याला आहे. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये पूर्ण झाला, आणि त्यांचे पाणलोट राखण्यासाठी जंगल राखावे लागले. येथील बिबट्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे मी एवढेच म्हणेन की जंगलाच्या कडेला कचरा, कचऱ्यावर कुत्री आणि कुत्र्यांवर बिबट्या, ही साखळी तोडायची असेल तर पिंजऱ्याआधी कचऱ्याची गाडी वेळेवर यायला हवी.

मला अधिक वेळ द्यावासा वाटतो तो कारवी या डोंगरउतारावरच्या झुडपाला. उन्हाळ्यात कारवीचा उतार वाळक्या काटक्यांच्या जुडग्यासारखा दिसतो, आणि त्याला ओसाड समजून तेथे झाडे लावण्याची हुक्की कुणालाही यावी. पाऊस पडताच तीच काटकी खरखरीत, रुंद पानांनी भरते आणि जोरदार सरींखाली उताराची माती धरून ठेवते. सात वर्षे ती नुसती वाढते व आठव्या वर्षी सारी एकदम जांभळी फुलते. उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये हा बहर आला. मधमाश्यांची चंगळ होते. मग बोंडे धरतात, ती वाळून राहतात, पुढे ओलावा लागताच तडतडून फुटतात आणि झुडूप मरते. कुडाच्या भिंतींसाठी कारवी वापरणाऱ्या आदिवासी पाड्यांना हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. अशा उतारावर मध्य अमेरिकेतून आलेला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हा वृक्ष लावला तर पाहणीत झाडांचा आकडा वाढतो, आणि कारवीचे एक अख्खे पुढचे चक्र सावलीत हरवते.

रस्त्याकडेच्या झाडांचेही असेच. गुलमोहर मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. त्यांची सावली कुणी नाकारत नाही. पण फेब्रुवारीत पानगळीनंतर सावर, पांगारा आणि पळस फुलले की मैना, बुलबुल, सूर्यपक्षी यांची जी झुंबड उडते, ती पाहिल्यावर नव्या रोपांची यादी करताना निवड सोपी व्हावी. किनाऱ्यालगत उंडी, करंज आणि भेंड खारे वारे सोसतात.

राहिला खडकाळ किनारा, ज्याचा या चर्चेत बहुधा विसरच पडतो. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर ओहोटीच्या डबक्यांत समुद्रफुले, शंख, खेकडे आणि प्रवाळही आढळतात. किनारी रस्त्याच्या कामापूर्वी २०२० मध्ये येथील प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. त्या हलवता आल्या, कारण त्या खडकांवर प्रवाळ आहेत हे कुणीतरी वाकून पाहिले होते आणि कायद्याने त्यांना संरक्षण होते. मिठागरांच्या पाण्याला असे संरक्षण मिळालेले नाही. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. घरांची गरज खरी आहे, यात वाद नाही. मात्र त्या जमिनीवर उधाणाचे आणि पावसाचे पाणी आज किती वेळ थांबते, आणि भराव पडल्यावर ते कोणत्या वस्तीत शिरेल, हे मोजून जाहीर झाल्याशिवाय तेथे पहिला डंपर रिकामा होऊ नये, अशी मागणी आपण प्रभागाच्या सभेत लेखी करू शकतो.