लिव्हरमध्ये मुक्काम ठोकलेले टी सेल

नमस्कार मंडळी. टी सेल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. टी सेल म्हटलं की रक्तात फिरणारे, नवीन जंतू दिसला की तयारीला काही दिवस घेणारे, असंच आपल्याला माहीत असतं ना? पण काही टी सेल आधीच शिकूनसवरून तयार असतात आणि एखाद्या अवयवात मुक्काम ठोकून बसतात. त्यातले एक मेट सेल. रक्तातल्या टी सेलमध्ये हे साधारण १ ते १० टक्के, आणि लिव्हरमध्ये? २० ते ४०! परत सांगतो, लिव्हरमध्ये २० ते ४०. आतड्यातलं रक्त आधी लिव्हरमध्येच जातं, म्हणून तपासणी नाका तिथे.

आता माझी आवडती गोष्ट. हे मेट सेल नेमकं ओळखतात काय, हेच बरीच वर्षं कोणाला कळेना. एमआर-वन नावाचं प्रोटीन काहीतरी धरून त्यांना दाखवतं एवढं माहीत होतं, पण काय धरतं? मेलबर्नच्या टीमने ते प्रोटीन लॅबमध्ये बनवायला घेतलं, तर त्याची घडीच बसेना, मग पेशी वाढवायचं ते लालसर मीडियम घातलं आणि बसली की घडी! आत काय अडकलंय बघितलं तर फॉलिक अ‍ॅसिडचा तुकडा, आणि तो आला कुठून, तर त्या मीडियममधूनच! किल्ली कुलपात गेली पण फिरेना, मेट सेल ढिम्म. मग साल्मोनेला नावाचे जंतू वाढवलेलं पाणी वापरलं आणि सेल खडबडून जागे. त्यात होता बी-टू व्हिटॅमिन बनवताना मधेच तयार होणारा माल. बी-टू म्हणजे तेच हो, बी-कॉम्प्लेक्स घेतली की लघवी पिवळीधमक होते ते. ते आपलं शरीर बनवत नाही, जंतू बनवतात, म्हणजे तो कच्चा माल दिसला की जंतू आलाच समजायचं. २०१२ साली छापून आलं हे.

आणि हो, बी-टूच्या गोळीने हे सेल जागे होत नाहीत, गोळीत तयार व्हिटॅमिन असतं, कच्चा माल नाही. ते इम्युनिटी बूस्टरवाले काय वाट्टेल ते लिहितात डब्यावर, मला तर चीडच येते, असो.

मेट सेलसारखेच मुक्काम ठोकणारे बाकीचे भाऊबंद? गॅमा-डेल्टा नावाचे टी सेल आतड्याच्या अस्तरात, आणि उंदराच्या लिव्हरमध्ये एनकेटी नावाचे सेल, ते तर बारीक रक्तवाहिन्यांत रांगत गस्त घालतात, कधी प्रवाहाच्या उलटे सुद्धा. आणि मेट सेलना जंतू लागतातच, कारण जंतूच नसलेल्या पिंजऱ्यात वाढवलेल्या उंदरात ते जवळपास सापडतच नाहीत.