औंदा माल नाही : न्यू जर्सीतल्या सहा झुडपांची गोष्ट

(दृश्य : फेब्रुवारी. अंगणात गुडघाभर बर्फ. भुईमुगाच्या टरफलाच्या रंगाच्या काड्या, टोकाला वाळकी तपकिरी फुलं.)

हे जे उलटा खराटा रोवल्यासारखं दिसतंय ना, ते मेलेलं नाहीये. मी पण मेलंय असंच समजले होते, आणि त्या एका समजुतीपायी आमच्या घरासमोर अख्खा उन्हाळा एक फूल आलं नाही.

झालं असं की २०२१ ला आम्ही न्यू जर्सीत हे घर घेतलं, घरासोबत सहा झुडपं आली. तीन समोर, भिंतीपासून बाहेर एका ओळीत, एक बाजूच्या ड्राइव्हवेजवळ, एक मागे कुंपणाशी, एक कोपऱ्यात. मला वाटलं होतं चार प्रकारची वेगळी झाडं असतील कारण एकाचं पान दुसऱ्यासारखं नव्हतं, नंतर कळलं की सगळ्याच हायड्रेंजिया, मोठाले फुलांचे गुच्छ येणारी शोभेची झुडपं, एकाच घरातल्या पण चार स्वभावाच्या. पण ते नंतर. ऑक्टोबर आला, पानं गळायला लागली, आजूबाजूचे लोक अंगण आवरत होते, मग मी पण कात्री घेतली आणि सहाच्या सहा झुडपं जमिनीपासून वीतभर ठेवून साफ केली. काय छान दिसत होतं म्हणून सांगू. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

(दृश्य : जुलै. समोरची तीन झुडपं, नुसती पानं.)

आणि हा पुढचा उन्हाळा. अळूसारखी रसरशीत पानं, कंबरेइतकी वाढ, आणि फूल शून्य. गंमत म्हणजे बाजूचं ड्राइव्हवेजवळचं झुडूप मात्र फुलांनी वाकलेलं, मागचं पण पांढऱ्या गोळ्यांनी भरलेलं. कोपऱ्यातलं परत कोरडं. तीच कात्री, तोच दिवस, मग दोघांवर माया आणि चौघांवर राग कशाला? मी खत घातलं. आणखी घातलं. पानं आणखी मोठी झाली.

मे महिन्यात माझे वडील आले होते. अप्पा तासगावचे, आयुष्य द्राक्षबागेत गेलं, एप्रिलची खरड छाटणी उरकून भावाच्या हातात बाग देऊन आले होते आणि इथून रोज फोन करून त्याला हैराण करत होते. जेट लॅग गेल्यावर एका सकाळी ते या झुडपाशी उकिडवे बसले, काडी दोन बोटांत धरून उलटीसुलटी केली आणि विचारलं, "ही कवा छाटलीस?" म्हटलं ऑक्टोबरमधे. "किती ठेवून?" मी वीत दाखवली.

"मग औंदा माल नाही." उठले आणि चहा मागितला.

ज्यांच्या घरी द्राक्षबाग नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. सांगली-नाशिककडे वर्षातून दोनदा वेल छाटतात. एप्रिलमधे खरड छाटणी, म्हणजे वेल अगदी एकदोन डोळ्यांवर (काडीवर जिथून नवा फुटवा निघतो तो डोळा) खरडून काढायचा, की त्यातून नव्या काड्या निघतात. उन्हाळ्यात त्या काड्यांच्या डोळ्यांत घड तयार होतो, बाहेरून काही दिसत नाही पण आत ठरलेलं असतं. मग ऑक्टोबरमधे गोडी छाटणी, ती बेतानं, घड असलेले डोळे ठेवून. बरेच जण त्याआधी डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात की माल कितव्या डोळ्यावर आहे. थोडक्यात सांगायचं तर मी गोडी छाटणीच्या महिन्यात खरड छाटणी केली होती. तासगावात हे कोणी केलं असतं तर गावानं पुढची दहा वर्षं सांगितलं असतं.

समोरची तीन झुडपं आहेत मॅक्रोफिला, मोठ्या पानाची, कार्डांवर आणि कॅलेंडरवर असतो तो निळा-गुलाबी गोळा. तिचं पुढच्या वर्षीचं फूल ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत काडीच्या डोळ्यांत बसतं आणि थंडीभर तिथंच झोपतं. म्हणजे ऑक्टोबरमधे मी फांद्या नाही, फुलंच कापून कचऱ्याच्या पिशवीत भरली. ड्राइव्हवेवरची मात्र पॅनिक्युलाटा, ती त्याच वर्षी वसंतात फुटलेल्या कोवळ्या काडीवर कळी धरते, तिला खरडलं काय न् नाही काय, फरक पडत नाही. झालं कोड्याचं उत्तर. इथल्या भाषेत याला जुनं लाकूड आणि नवं लाकूड म्हणतात, अप्पांच्या भाषेत काडी.

(दृश्य : पानांवरून फिरणारा हात, अगदी जवळून.)

आता ओळखायची कशी, फूल नसताना? कारण छाटायची वेळ येते तेव्हा फूल नसतंच.

हात लावून. हे मॅक्रोफिलाचं पान, जाड, तुकतुकीत, कडेला करवतीसारखे दाते, हिवाळ्यात काडी बोटाएवढी जाड आणि टोकाला टपोरा डोळा. हे पॅनिक्युलाटाचं, पातळ, जरा खरबरीत, आणि बघा एका पेरावर कधी दोन तर कधी तीन पानं, बाकीच्यांना जोडीनं दोनच. खोड लाकडासारखं कडक, फूल कोनासारखं निमुळतं. आमच्याकडची जात लिमलाइट, हॉलंडमधे तयार झालेली, आधी लिंबाच्या कोवळ्या रंगाची मग पांढरी आणि सप्टेंबर लागला की गुलाबी झाक. कोपऱ्यातली तर सोपीच, पान ओकच्या झाडासारखं कातरलेलं, जुन्या खोडाची साल कागदासारखी सुटते, हिवाळ्यात पण ओळखू येते. ती पण जुन्या काडीवर फुलते, म्हणून तिचाही त्या वर्षी उपास घडला.

मागच्या कुंपणाची ॲनाबेल. पान हृदयाच्या आकाराचं, मऊ, चमक नसलेलं, काड्या बारीक आणि फूल फुटबॉलएवढं, त्यामुळे एक पाऊस पडला की अख्खं झुडूप जमिनीवर लोळण घेतं. ही मूळची अमेरिकेतलीच. असं सांगतात की १९१० साली इलिनॉयमधल्या ॲना गावाजवळ घोड्यावरून जाताना हॅरिएट कर्कपॅट्रिक नावाच्या बाईंना हे झुडूप रानात दिसलं, त्यांनी ते उपटून घरी लावलं, मग शेजारणींनी एकमेकींना देत देत ते गावभर झालं. नर्सरीत यायला पुढची पन्नासेक वर्षं गेली. ती पण नव्या काडीवर फुलते, म्हणून तिला फेब्रुवारी-मार्चमधे छाटायचं, पण वीतभर नाही, फूट-दीड फूट ठेवून, म्हणजे जुन्या काड्यांचा पुढच्या फुलांना टेका होतो.

आणि एक भानगड आहे, २००४ साली एंडलेस समर नावाची मॅक्रोफिला बाजारात आली, ती जुन्या काडीवर पण फुलते आणि नव्यावर पण. तेव्हापासून अशा बऱ्याच जाती निघाल्यात. चांगल्या आहेत, पण कुंडीवर लिहिलेलं वाचून "कधीही छाटा" असा अर्थ काढू नका, पहिला भरघोस बहर जुन्या काडीवरचाच असतो.

(दृश्य : एका फुलाच्या मध्यभागी कॅमेरा जातो.)

हे बघा, इतके दिवस मी ज्याला पाकळ्या म्हणत होते त्या पाकळ्या नाहीतच. कळीवर बाहेरून हिरवं आवरण असतं ना, निदल, तेच इथं मोठं होऊन रंग घेऊन बसलंय. खरं फूल हे मधलं, मोहरीच्या दाण्याएवढं, बऱ्याचदा दिसतही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीत भूतकेस फुलतो, त्याचं पांढरं पान लांबून फूल वाटतं आणि खरं फूल छोटंसं केशरी असतं, तोच प्रकार. मधमाश्यांना हे बरोबर कळतं, त्या गोळ्यावर फारशा येत नाहीत, कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची चपट्या फुलाची लेसकॅप हायड्रेंजिया आहे तिच्यावर मात्र सकाळपासून गर्दी.

रंगाबद्दल सगळे विचारतात. शाळेतल्या लिटमसच्या बरोबर उलटं आहे, आंबट मातीत निळा, चुन्याच्या मातीत गुलाबी. पण खरा खेळ ॲल्युमिनियमचा. मातीचा पीएच साडेपाच किंवा खाली असला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळातून वर चढतं, आणि निदलातल्या रंगद्रव्याला धरून त्याला निळं करतं. साडेसहाच्या वर ते मातीतच अडकून राहतं, मग गुलाबी. पांढऱ्या जातीत ते रंगद्रव्यच नाही, ॲनाबेलला काहीही घाला, ती पांढरी ती पांढरीच. उटी-कोडाईला निळे ताटवे दिसतात ते तिथल्या आम्लधर्मी मातीमुळे.

इथं गार्डन सेंटरमधे निळ्या रंगासाठी ॲल्युमिनियम सल्फेटची पिशवी मिळते. ती बघून अप्पा म्हणाले, "ही तर तुरटीची बहीण." खरंय, तुरटीत तेच ॲल्युमिनियम, जोडीला पोटॅश. म्हणजे निळ्याला तुरटीची बहीण आणि गुलाबीला चुना, आजीच्या पानाच्या डब्यात आणि दाढीच्या पेटीत मावेल एवढं रसायनशास्त्र. पण हातचं राखून घाला, जास्त झालं तर मुळं जळतात, आणि कोरड्या मातीत अजिबात घालू नका, आधी पाणी.

माती तपासायला आम्ही रटगर्स विद्यापीठाच्या लॅबला पाठवली. भिंतीलगत साडेसहाच्या वर, तिथून चार फुटांवर साडेपाच. भिंतीच्या पायाच्या काँक्रीटमधून चुना झिरपत राहतो, म्हणून एकाच ओळीतल्या तीन झुडपांत भिंतीकडचं गुलाबी, बाहेरचं निळं, आणि मधल्याचा काही निर्णय होत नाही, एकाच झुडपावर जांभळट, निळं, गुलाबी सगळं. मला तेच आवडतं. अप्पांना मात्र साडेपाच ऐकून मातीचा हेवा वाटला, त्यांच्या रानात आठच्या आसपास, पानं पिवळी पडली की फेरस, म्हणजे लोहाचं खत, घेऊन पळायचं. त्यांनी चहाचा चोथा टाकायला सुरुवात केली होती, गुलाबाला टाकतात तसा. त्यानं रंगबिंग बदलत नाही. गंजके खिळे पुरल्यानं पण नाही, त्यात लोखंड आहे, ॲल्युमिनियम कुठाय.

पाण्याचं म्हणाल तर नावातच पाणी आहे, ग्रीक शब्द, पाण्याचं भांडं असा अर्थ, बीचं बोंड छोट्या कलशासारखं दिसतं म्हणून. दुपारी दोनला पानं अशी मान टाकतात की वाटतं गेलं आता. मी पाइप घेऊन धावायचे. अप्पांनी मातीत बोट खुपसलं आणि म्हणाले, "वल हाय. संध्याकाळी बघ." संध्याकाळी उभं! उन्हात पान जेवढं पाणी सोडतं तेवढं मूळ ओढू शकत नाही एवढंच. सकाळीसुद्धा मान खाली असेल तर मात्र खरी तहान. आठवड्याला इंचभर पाणी, बुडाशी, पानांवर नाही. बुडात दोनतीन इंच पालापाचोळा, खोडापासून जरा लांब. मॅक्रोफिलाला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली, लिमलाइट दिवसभर उन्हात उभी राहते. आणि माझं ते खत? लॉनचं होतं, नायट्रोजनवालं, त्यानं पानंच वाढणार.

(दृश्य : पहाट. अंगणात तीन हरणं.)

आता हे पाहुणे. लांबून फार गोड. हरणांना हायड्रेंजिया म्हणजे कोशिंबीर, उन्हाळ्यात कोवळी पानं आणि हिवाळ्यात नेमका तो टोकाचा टपोरा डोळा खातात, म्हणजे तुम्ही छाटलं नाही तरी छाटणी होतेच. अप्पांनी उपाय केला तो अस्सल गावाकडचा, रानडुकरांसाठी शेताला जुन्या साड्या बांधतात तसा. माझ्या दोन सिंथेटिक साड्या आणि एक ओढणी, बांबूला बांधून घरासमोर. शेजारीण विचारून गेली की कुठला सण आहे. चौथ्या दिवशी सोसायटीचं पत्र आलं. आणि हरणं? ती मागून आली.

पण साड्या वाया गेल्या नाहीत. पुढच्या एप्रिलमधे डोळे फुगून हिरवी टोकं बाहेर आली आणि त्याच आठवड्यात रात्री पारा शून्याखाली जाणार असा इशारा आला, तेव्हा त्याच साड्या संध्याकाळी झुडपांवर घातल्या आणि सकाळी काढल्या. फुलं न येण्याचं इथलं मोठं कारण ही उशिराची थंडी आहे, कात्रीच्या खालोखाल.

अप्पा इथं होते त्या वर्षी, २०२२ ला, ऑगस्टच्या शेवटी, ३१ तारखेला गणपती होते, तेव्हा लिमलाइट ऐन भरात. मखराच्या दोन्ही बाजूंना तीच होती, फुलबाजाराची फेरी वाचली. फक्त पानं नैवेद्याच्या ताटाखाली घालू नका. विषारी आहेत, जपानमधे २००८ साली हॉटेलात ताटात सजावटीला ठेवलेली पानं खाऊन लोक आजारी पडले होते. कुत्र्या-मांजरांना पण लांबच ठेवा. गणपती गेले आणि अप्पाही गेले, ऑक्टोबरची छाटणी होती.

(दृश्य : मार्च. कात्री, बादली, ट्रायपॉडला लावलेला फोन.)

मागच्या उन्हाळ्यात मी फक्त एवढं केलं, जुलै संपायच्या आत मॅक्रोफिलाच्या सगळ्यात जुन्या, करड्या पडलेल्या काड्या बुडातून काढल्या, तीनातली एक या हिशोबानं. फुलं वाळली तरी झाडावरच ठेवली, थंडीत खालच्या डोळ्यांना तेवढाच आडोसा. आज ती वाळकी काढायची आहेत.

फोनवर अप्पा आहेत, तिकडे रात्रीचे साडेआठ. काडीवर नखानं जरासं खरवडलं, आत हिरवं, म्हणजे जिवंत. ही दुसरी तपकिरी, कोरडी, ती गेली, बुडातून काढली. मी कॅमेरा वरच्या वाळक्या फुलाकडे नेला तर ओरडले.

"फूल कशाला दावतीयास? खाली घे. खाली. डोळा दाव."

खाली घेतला. वाळक्या फुलाच्या वीतभर खाली टपोऱ्या डोळ्यांची जोडी, लालसर हिरवी, समोरासमोर.

"हां. ह्याच्या वर पाव इंच. तिरका नको, सरळ घे. आता थांब, पुढं जाऊ नको."

कापलं. फूल बादलीत पडलं, आवाजसुद्धा झाला नाही. अशी अकरा काढली, प्रत्येक वेळी खाली घे, डोळा दाव. मग फोन उचलून ड्राइव्हवेवर लिमलाइटपाशी गेले.

"ही?"

"ही खरड."