गळवाचा पू आणि त्यातल्या जिवाणूची जनुके

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, अंगभर घामोळ्या उठतात आणि खाजवून सोललेल्या कातडीवर काखेत, मांडीत किंवा मानेवर गळू धरते. घरात पोटीस बांधले जाते. तेवढ्याने भागले नाही, तर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविनाच अँटिबायोटिक आणले जाते. बहुतेक गळवे फुटून भरून येतात. काही मात्र गोळ्या संपल्या तरी वाढतच राहतात आणि एकाच घरात, एकाच वसतिगृहात किंवा एकाच आखाड्यात एकामागोमाग अनेकांना होतात. असे का घडते, याचा शोध आपण घेणार आहोत.

अशा गळवांमागचा, सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घोसासारखा दिसणारा जिवाणू आहे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ. निरोगी लोकांपैकी सुमारे ३० टक्के जणांच्या नाकात तो कसलाही त्रास न देता राहतो. मेथिसिलिन हे पेनिसिलिनच्या कुळातील अँटिबायोटिक १९५९ मध्ये वापरात आले आणि १९६१ मध्येच त्याला दाद न देणाऱ्या स्टॅफची इंग्लंडमधून नोंद झाली. तोच एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन-रेझिस्टंट स्टॅफिलोकॉकस ऑरियस. पुढे अनेक वर्षे तो रुग्णालयात लागणारा जंतू मानला गेला. परंतु १९९० च्या दशकात, कधीही रुग्णालयात दाखल न झालेल्या लोकांतही तो आढळू लागला आणि १९९९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या राज्यांतील चार मुलांच्या मृत्यूंचे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर त्याकडे डोळेझाक करणे शक्य राहिले नाही.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. औषधाला दाद न देणे ही एक बाब आणि शरीराची नासधूस करणे ही दुसरी. त्यांची जनुकेही वेगळी. मेक-ए हे जनुक पेशीभित्तिका बांधणारे असे प्रथिन तयार करते, ज्याला पेनिसिलिनच्या कुळातील औषधे नीट चिकटतच नाहीत, त्यामुळे औषध चालू असतानाही भिंतीचे बांधकाम थांबत नाही. मात्र या जनुकामुळे जिवाणू अधिक उग्र होतो असे नाही.

उग्रता येते ती इतर जनुकांमुळे. त्यांतील सर्वाधिक चर्चा झालेले विष म्हणजे पॅन्टन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन, अर्थात पीव्हीएल. पॅन्टन आणि व्हॅलेंटाइन यांनी त्याचे वर्णन १९३२ मध्येच, मेथिसिलिनच्या कितीतरी आधी, केले होते. त्याची दोन शेजारी जनुके जिवाणूला एका विषाणूकडून, म्हणजे फाजकडून मिळतात. त्यांपासून बनणारी दोन प्रथिने आपल्या पांढऱ्या पेशीच्या आवरणावर एकत्र येतात, आठ तुकड्यांचे कडे तयार करतात आणि त्या पेशीला आरपार छिद्र पाडतात. रक्षणासाठी धावून आलेली पेशीच फुटते आणि आजूबाजूच्या ऊतींचा नाश होतो. भारतात आढळणाऱ्या, ‘बेंगॉल बे क्लोन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एसटी ७७२ या वाणात मेक-ए आणि पीव्हीएल दोन्ही एकत्र सापडतात.

तरीही सारा दोष पीव्हीएलच्या माथी मारणे योग्य नाही. उंदरांवरील प्रयोगांत त्याचा परिणाम कधी दिसला, कधी दिसला नाही, कारण उंदराच्या पांढऱ्या पेशींवर हे विष फारसे चालत नाही. माणसाच्या आणि सशाच्या पेशींवर चालते. शिवाय अल्फा-टॉक्सिन आणि फिनॉल-सोल्युबल मॉड्युलिन ही विषे जवळपास प्रत्येक स्टॅफच्या जनुकांत असतातच. प्रश्न ती किती प्रमाणात तयार होतात याचा असतो, आणि ते ठरवणारी एजीआर ही यंत्रणा जिवाणूंची संख्या पुरेशी वाढली की कामाला लागते.

आता प्रयोगशाळेतील ही बशी पाहा. रक्तमिश्रित माध्यमावर सोनेरी-पिवळसर वसाहती उगवल्या आहेत आणि त्यांच्याभोवती रक्तपेशी विरघळल्याने माध्यम स्वच्छ झाले आहे. दुसऱ्या बशीत सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकची ३० मायक्रोग्रॅमची चकती ठेवली आहे; तिच्याभोवतीचे मोकळे वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान भरले, की अहवालात एमआरएसए असे लिहिले जाते. पीव्हीएलचा उल्लेख मात्र या नेहमीच्या अहवालात नसतो, कारण त्यासाठी पीसीआर, म्हणजे जनुक शोधणारी चाचणी, करावी लागते. साध्या गळवात त्यावाचून अडतही नाही: चीर देऊन पू काढणे, तो कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून तपासण्यासाठी, पाठवणे, जखम झाकणे आणि टॉवेल-वस्तरा वेगळा ठेवणे हाच खरा उपचार होय.

परंतु धडधाकट तरुणाला फ्लूनंतर अचानक न्यूमोनिया झाला, थुंकीतून रक्त पडू लागले आणि पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या, तर पीव्हीएलचा संशय वेळीच घेतला गेला पाहिजे. अशा वेळी जिवाणू मारणाऱ्या औषधाबरोबर विषाची निर्मिती रोखणारे औषधही विचारात घेतले जाते. क्लिंडामायसिन आणि लिनेझोलिड ही दोन्ही जिवाणूची प्रथिननिर्मितीच थांबवतात. क्लिंडामायसिन देण्यापूर्वी त्याची चकती एरिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या चकतीशेजारी ठेवून पाहतात. एरिथ्रोमायसिनच्या बाजूने क्लिंडामायसिनभोवतीचे वर्तुळ चपटे झाले, तर वरवर लागू पडणारे क्लिंडामायसिन उपचारादरम्यान निकामी ठरू शकते आणि मग डॉक्टर लिनेझोलिडकडे वळतात.