गाडी आधी झोपू द्या

मंडळी, आंब्याच्या झाडावर बांडगूळ वाढतं ते तुम्ही पाहिलंय. झाडावरच बसतं, झाडाचाच रस पितं, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की झाड चांगलं हिरवंगार आहे. गाडी बंद करून, चावी काढून तुम्ही घरात गेल्यावर बॅटरीचा करंट खात बसणारी वस्तू तशीच असते. आज तिला शोधायचं कसं, एवढंच बोलणार आहे.

पण आधी एक कबूल करा. बंद गाडी थोडा करंट खाणारच. घड्याळ, सेंट्रल लॉक, इसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरची) मेमरी यांना सतत काहीतरी लागतं. साधारण 20 ते 50 मिलीअँपिअर म्हणजे तब्येत ठीक. 2020च्या लॉकडाउनमध्ये किती गाड्या उभ्या उभ्या बसल्या, आठवतंय? लोक म्हणायचे, वायरिंगमध्ये लीकेज आहे. हिशोब करा. 30 मिलीअँपिअर, रोज 24 तास, 90 दिवस. जवळजवळ 65 अँपिअर-अवर होतात (बॅटरीत किती करंट मावतो त्याचं हे माप) आणि छोट्या गाडीची बॅटरी असते 35ची. लीकेज कसलं, ती बिचारी उपाशी मेली!

आता माझ्याकडे आलेली एक गाडी सांगतो. मालक शिक्षक. आठवडाभर गाडी रोज सकाळी सेल्फ मारला की चालू. शनिवारी रात्री लावली की सोमवारी सकाळी नुसतं टक-टक, मग शेजाऱ्यांना बोलावून धक्का. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. म्हणाले, "आता तिसरी कुठल्या कंपनीची घेऊ?" मी म्हटलं, सर, आज काही घेऊ नका, गाडी दुपारपर्यंत माझ्याकडे ठेवा.

किती करंट जातोय ते मोजायला मल्टिमीटर लावायचा. मीटर लावताना आमची नवी पोरं इथेच चुकतात. निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं आणि टर्मिनल व केबल यांच्या मधे मीटर घालायचा. लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात. मीटर लागलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मारलात तर मीटरचा फ्यूज गेलाच. आणि आकडा लगेच वाचायचा नाही. टर्मिनल काढून परत जोडलं की गाडीतले सगळे मोड्यूल, म्हणजे छोटे कंप्युटर, जागे होतात आणि परत झोपायला वेळ घेतात. शिक्षकांच्या गाडीने पहिल्यांदा 3 अँपिअर दाखवले. घाईतला वायरमन तिथेच फ्यूज उपसायला लागला असता, आणि तरुणपणी मीही तेच करायचो. बॉनेट उघडं राहणार, म्हणून त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करा; दाराचंही तसंच. गाडीला वाटलं पाहिजे की सगळं बंद झालंय. बटन-स्टार्ट गाडी असेल तर चावी खिशात ठेवून शेजारी उभे राहू नका, लांब टांगा. मग चहा घ्या. अर्धा तास, काही गाड्यांना पाऊण तास.

चहा पिऊन आलो. आकडा 0.93 अँपिअरवर थांबला होता, खाली यायला तयार नाही. 35ला 0.93ने भागा, सदतीस-अडतीस तास येतात. शनिवार रात्र ते सोमवार सकाळ! एका रात्रीत फक्त अकरा-बारा अँपिअर-अवर जायचे, म्हणून इतर दिवशी गाडी चालू व्हायची. त्या हिशोबावरच मला खात्री पटली की बॅटरीचा दोष नाही.

मग एकेक फ्यूज काढला; ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्याच लाइनवर. दोन्ही फ्यूज बॉक्स रिकामे झाले तरी मीटर 0.90 वर. म्हणजे फ्यूजमधून जाणारा खर्च फक्त 30 मिलीअँपिअर, तो तर हक्काचाच. उरलेला कुठून जातोय? फ्यूज बॉक्सला वळसा घालून जाणाऱ्या त्या गाडीत दोनच जाड वायरी होत्या. एक सेल्फची, एक डायनामोची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्याची. डायनामोला हात लावला तर कोमट. सकाळपासून इंजिन चालू नाही, आणि कोमट! बॅटरी सोडवून डायनामोची जाड वायर काढली, झाकून ठेवली, परत मीटर लावला. शून्य. डायनामोतले डायोड करंट फक्त बॅटरीकडे जाऊ देतात. त्यातला एक लीक झाला होता आणि बॅटरी रात्रभर उलटी डायनामोत रिकामी होत होती. दिवसा चार्जिंग जेमतेम चालू असल्यामुळे कुणाला संशय आला नाही.

दरवेळी डायोडच निघतो असं नाही. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम मला सर्वांत जास्त वेळा सापडलाय: पिवळी आणि लाल वायर दोन्ही थेट बॅटरीला जोडलेल्या. स्टेशन मेमरी टिकावी म्हणून पिवळी थेट हवीच. लाल मात्र चावीवर यायला हवी. डिकीतला दिवा जळत राहतो का, हे डिकी उघडून कसं कळणार? फोनवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून आत ठेवा आणि डिकी बंद करा.

शिक्षकांच्या गाडीचा डायोड-सेट बदलला. फ्यूज परत घातले, थांबलो, 0.03 आला. त्यांनी आधीच्या दोन्ही बॅटऱ्या घरी ठेवल्या होत्या, त्या आणायला सांगितल्या. एक सल्फेट होऊन, म्हणजे आतल्या प्लेटांवर थर बसून, कामातून गेली होती. दुसरी मंद चार्जिंगवर रात्रभर ठेवली, तर सकाळी 12.6 व्होल्ट. ती अजून माझ्या दुकानात टेस्ट लॅम्प लावायला आहे.